डोक्याला हलका मार लागला, मग पुढचे चार-सहा महिने काय बघायचं

गाडी स्लिप झाली, डोकं आपटलं, दोन मिनिटं काही सुधरलं नाही, मग उठून बसला, पाणी प्याला, लोकांनी विचारलं तर म्हणे काही नाही झालं, आणि घरी आला. आपल्याकडं अशा माराचा हिशोब तिथंच संपतो. टेंगळावर हळदीचा लेप, मेडिकलमधून एक गोळी, आणि परवापासून परत वावरात. बहुतेक वेळा खरंच पुढं काही होत नाही, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणी हे वाचून झोप उडवून घेऊ नका. पण थोड्या लोकांना नंतर काहीतरी होतं, आणि त्यांच्या बाबतीत काय होतं की महिना-दोन महिन्यांनी हात लुळा पडतो नाहीतर बोलणं जड होतं, दवाखान्यात डॉक्टर विचारतात मधात कुठं पडले होते का, आणि घरचे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहतात. कोणाला आठवतच नाही.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यात रोडवरच्या एका गावात मेडिकल चालवतो, म्हणून पडलेला माणूस बऱ्याचदा डॉक्टरच्या आधी माझ्या काउंटरवर येतो, कपाळावर दुपट्टा धरून, "भाऊ दुखण्याची एक चांगली गोळी द्या" म्हणत. त्याला उभ्या-उभ्या जे सांगतो ते इथं नीट बसून लिहितो आहे. माझं म्हणणं एकच आहे की त्या माराची तारीख विसरू नका, कारण हलक्या मारानंतरही लकव्याचा (मेंदूतली नस गुठळीनं अडून नाहीतर फुटून होतो तो, डॉक्टर स्ट्रोक म्हणतात) धोका काही महिने थोडा वाढलेला असतो, आणि तो कमी करायला जे करायचं ते सगळं गावात बसून होण्यासारखं आहे.

आधी हलका मार कशाला म्हणायचं ते

डॉक्टर लोक हलका म्हणतात तेव्हा त्याचं माप ठरलेलं असतं. बेशुद्धी असलीच तर अर्ध्या तासाच्या आतली, मधलं काही आठवत नाही असं झालं तर ते एका दिवसाच्या आतलं, आणि तपासताना माणूस डोळे उघडून बोलतो, सांगितलेलं ऐकतो, शुद्धीचे जे पंधरापैकी मार्क देतात त्यात तेरा ते पंधरा. म्हणजे बेशुद्ध झालाच पाहिजे असं नाही. पडल्यावर "मी इथं कसा आलो" असं दोनदा विचारलं, किंवा नुसतं गरगरलं, मळमळलं, उजेड सहन होईना, तरी तो मेंदूला बसलेला हलका मारच. रक्त निघालं का नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट फुटलेलं डोकं बघून लोक लगेच पळतात आणि न फुटलेलं डोकं घरी राहतं.

आणखी एक, सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे मार लागलाच नाही असं होत नाही. सीटीत रक्तस्राव आणि हाडाची चीर दिसते. मेंदू हलल्यामुळं जे आतमध्ये बारीक बिघडतं ते सीटीत बहुतेक वेळा दिसतच नाही.

पहिले दोन दिवस

यात लकवा बिकवा बाजूला ठेवा, आधी आतमध्ये रक्त तर साचत नाहीये ना ते बघायचं. खालचं काहीही दिसलं तर १०८ लावा नाहीतर जी गाडी हाताशी आहे ती काढा, सकाळची वाट बघू नका: दोन किंवा जास्त उलट्या, डोकेदुखी वाढतच चालली, माणूस गुंगीत जातो आणि हलवलं तरी नीट उठत नाही, झटका आला, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं नाहीतर रक्त येतं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसते, हातपाय जड, बरळतो, किंवा स्वभावच बदलल्यासारखा अंगावर धावतो. याशिवाय काही लोकांना काहीच त्रास नसला तरी दाखवून घ्यायचं. पासष्टच्या वरचे, रक्त पातळ करायची गोळी चालू असलेले, दारू पिऊन पडलेले (हे कळतच नाही हो, दारूची गुंगी की माराची, सगळे म्हणतात झोपू द्या उतरेल), उंचावरून नाहीतर चालत्या गाडीवरून फेकले गेलेले, आणि लहान लेकरं.

गोळीचं. पहिल्या दोन दिवसांत दुखलं तर साधी पॅरासिटामॉल घ्या, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन हे स्वतःच्या मनानं घेऊ नका, त्यानं रक्त गोठायला अडचण येते आणि आत बारीक गळती असली तर ती वाढू शकते. आमच्याकडं लोकांना लाल-पिवळी "पॉवरवाली" गोळी पाहिजे असते, पॅरासिटामॉल दिली की वाटतं मेडिकलवाल्यानं टाळलं. टाळलं नाही जी, तीच बरोबर आहे. आणि ज्यांची अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल हार्टसाठी आधीपासून चालू आहे त्यांनी घाबरून ती बंद करायची नाही, डॉक्टरला सांगायचं मी ही गोळी खातो आणि मी पडलो, पुढं ते ठरवतील. झोपू द्यायचं का, तर हो, झोपू द्या, डॉक्टरनं बघितलं असेल तर जागरण करवायची गरज नाही, फक्त घरात कोणीतरी सोबत पाहिजे आणि एक-दोनदा हलवून बघा की नीट उत्तर देतो का. दारू नाही. मोबाईल-टीव्ही कमी. एक-दोन दिवस आराम मग हळूहळू उठबस, महिनाभर खाटेवर पडून राहणं पण चांगलं नाही.

घसरून पडला की भोवंड येऊन पडला

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि माझ्या मते पहिल्या दिवशीचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे. रोही (नीलगाय) आडवी आली, पावसात काळ्या मातीच्या चिखलात चाक गेलं, बंडीवरून म्हणजे बैलगाडीवरून पाय निसटला, हे पडणं वेगळं. आणि उभ्या-उभ्या डोळ्यापुढं अंधारी आली, एक बाजू हलकी झाली, हातातलं सुटलं आणि मग पडला, हे वेगळं. दुसऱ्यात शक्यता अशी असते की आधी मेंदूकडं रक्त कमी गेलं किंवा हृदयाचा ठोका बिघडला किंवा साखर खाली आली आणि त्यामुळं पडणं झालं, म्हणजे मार हा परिणाम आहे, मूळ दुखणं तसंच बसलेलं आहे. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा उन्हानं भोवंड येऊन पडणारेही खूप असतात, पण ऊनच होतं असं आपणच ठरवून मोकळं होऊ नका. पडताना ज्यानं बघितलं त्याला लगेच विचारून ठेवा, दोन दिवसांनी प्रत्येकजण आपापली गोष्ट सांगतो. भोवंड येऊन पडला असेल तर बीपी, साखर आणि ईसीजी झालंच पाहिजे, ग्रामीण रुग्णालयात होतं ते.

आता लकव्याचा संबंध कुठून आला

हे कोणाच्या मनातलं नाही, मोठ्या आकड्यांवरून निघालेलं आहे. तैवानच्या, २०११ साली छापून आलेल्या एका अभ्यासात डोक्याला मार लागलेले २३,१९९ लोक आणि न लागलेले ६९,५९७ लोक घेतले आणि पुढं कोणाला लकवा झाला ते बघितलं. पहिल्या तीन महिन्यांत मार लागलेल्यांत २.९१ टक्के आणि बाकीच्यांत ०.३० टक्के. वय, बीपी, शुगर वगैरे हिशोबात धरूनही पहिल्या तीन महिन्यांत धोका दहापट, वर्षाला साडेचारपटीच्या आसपास, पाच वर्षांनी सव्वादोनपटीच्या थोडा वर. दहापट वाचून दचकू नका, यात सगळ्या प्रकारचे मार आले, कवटी फुटलेले पण, आणि त्यांच्यात धोका सगळ्यात जास्त होता.

२०१३ ला अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या साडेअकरा लाखांवर जखमी लोकांचं बघितलं, आणि यांनी एक हुशारी केली, डोक्याला मार लागलेल्यांची तुलना धडधाकट लोकांशी नाही केली तर ज्यांचा हात-पाय मोडला, दुसरीकडं लागलं अशांशी केली, म्हणजे अपघात दोघांचाही झालेला. सव्वादोन वर्षांच्या वर नजर ठेवली तर रक्ताची गाठ अडकून होणारा लकवा डोक्यावाल्यांत १.१ टक्के आणि बाकीच्यांत ०.९ टक्के. हजारात अकरा आणि हजारात नऊ. बाकीचे फरक काढून टाकल्यावर धोका ३१ टक्के जास्त निघाला. मग २०२१ ला इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या लोकांनी असे १८ अभ्यास एकत्र करून काढलं की मार लागलेल्यांत लकव्याचा धोका ८६ टक्के जास्त, पहिले चार महिने सगळ्यात जास्त, पाच वर्षांपर्यंत थोडाफार राहतो, आणि मार हलका का जोराचा यावर तो अवलंबून नाही, हलक्यातही वाढतो.

यावरून मी तरी एवढंच घेतो की एका माणसापुरतं बघितलं तर धोका लहानच आहे, शंभरातल्या बहुतेकांना काही होणार नाही, पण ज्याचा बीपी आधीच १६० आहे, खर्रा (सुपारी-तंबाखूचा घोटा) चालू आहे, वय पन्नास आहे, त्याच्यासाठी तो लहान धोका आधीच्या मोठ्या धोक्यावर येऊन बसतो. आणि आपल्या भागात हा आधीचा धोका मोठा आहे. गडचिरोलीच्या ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ या दोन वर्षांत झालेले मृत्यू मोजले होते, १,५९९ पैकी २२९ लकव्यानं गेलेले, म्हणजे १४.३ टक्के, एवढे दुसऱ्या कोणत्याच एका कारणानं गेले नव्हते, आणि त्यातले बहुतेक घरीच गेले. लकवा हा शहरातल्या लोकांचा रोग आहे असं ज्याला वाटते त्यानं हा आकडा परत एकदा वाचावा.

कसं होतं ते थोडक्यात, पण एक गोष्ट जरा लांब

बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, रक्ताची गोठायची चाल काही दिवस बिघडते, झोप मोडते, माणूस हालचाल कमी करतो, वजन आणि बीपी वर जातं, हे सगळं मिळून.

लांब सांगायचं ते मानेचं. डोकं जोरात झटकलं जातं तेव्हा मान पण झटकली जाते, आणि मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या ज्या चार रक्तवाहिन्या आहेत, दोन पुढून दोन मागून, त्यांच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते. जुन्या ट्यूबच्या आतला थर सुटून हवा अडते तसंच काहीसं, सुटलेल्या अस्तरापाशी रक्त साकळतं, त्याची गुठळी सुटून वर मेंदूत जाते. हे काही तासांत होऊ शकतं, काही दिवसांत, कधी काही आठवड्यांनी. तरुण पोट्ट्यांना लकवा होतो त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. बीपी नाही, शुगर नाही, तीस वर्षाचा, आणि सकाळी उठला तर एक बाजू गेली.

याची आधी खूण बऱ्याचदा मिळते, ती ओळखा. मानेच्या एकाच बाजूला, कानाच्या मागं नाहीतर डोळ्याच्या मागं दुखणं, आधी कधी असं दुखलं नव्हतं असं. एका डोळ्याची पापणी खाली आलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक. कानात ठोक्यासोबत सूं-सूं. चालताना एका बाजूला झोक जाणं, एक वस्तू दोन दिसणं. असं असेल तर मोठ्या दवाखान्यातच जायचं आणि सांगायचं मानेला झटका बसला होता, मानेच्या नसा बघायच्या आहेत, कारण साध्या डोक्याच्या सीटीत त्या दिसत नाहीत, त्यासाठी रंगाचं औषध टाकून वेगळा फोटो काढतात.

आणि हे हात जोडून सांगतो, पडल्यावर मान दुखते म्हणून सलूनमध्ये जाऊन कडकड मोडून घेऊ नका. कटिंग झाली की तो हनुवटीला धरून एक इकडं एक तिकडं झटका देतो, लोकांना मोकळं वाटतं. चांगल्या मानेला पण त्यानं नसेला चीर गेल्याच्या घटना डॉक्टरांच्या पुस्तकात आहेत, इथं तर आधीच मार बसलेला. मालिशवाला, हाड बसवणारा, कोणीच नको, दोन-तीन महिने मानेला हात लावू द्यायचा नाही.

बुढ्या माणसांचं वेगळं आहे

यात जे होतं ते खरं म्हणजे लकवा नाही पण दिसतं हुबेहूब तसंच. वय झालं की मेंदू थोडा आकसतो, कवटी आणि मेंदूच्या मधात जागा होते, तिथल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात आणि छोट्याशा धक्क्यानं गळायला लागतात. थेंब-थेंब. तीन आठवडे, महिना, दीड महिना काही कळत नाही. रोज दारू पिणाऱ्यांचं पण असंच, चाळिशीतसुद्धा. बाथरूमच्या दरवाजाची चौकट लागली, गोठ्यात ढोरानं ढुशी दिली, एवढंसं निमित्त पुरतं.

बघायचं काय तर आबाजी चालताना एका पायाची चप्पल फरफटते आणि वाटेत निसटून मागं राहते, त्यांना कळत पण नाही. जेवताना घास तोंडाच्या एका कोपऱ्यातून सांडतो. चष्मा कुठं ठेवला विसरतात ते जाऊ द्या, पण चष्मा हातात धरून शोधतात. दुपारी खूप झोपतात. शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो. सगळे म्हणतात वय झालं आता. वय पंधरा दिवसांत होत नाही बाप्पा, ते वर्षानुवर्षं होतं. महिन्याभरात माणूस बदलला असेल आणि त्याच्या आधी कुठं डोकं लागलं असेल तर सीटी करून घ्या. यात चांगली गोष्ट ही की कवटीला छोटं भोक पाडून ते रक्त काढून टाकता येतं आणि बरेच जण परत चालायला लागतात. लकवा समजून तेल चोळत बसले तर हातातली वेळ जाते.

तारीख कुठं आणि कशी लिहायची

भिंतीवर कॅलेंडर असतं ना, दूधवाल्याचा हिशोब लिहितो तिथंच. आणि मोबाईलमध्ये एक फोटो. एवढं लिहा: कोणत्या तारखेला किती वाजता, कसा पडला, बेशुद्ध होता का आणि किती वेळ, उलटी झाली का, कोणत्या गोळ्या आधीपासून चालू, दवाखान्यात गेले तर कोणत्या, सीटी झाला का. उदाहरण म्हणून:

"१२ ऑगस्ट, संध्याकाळी सात, धुऱ्यावरून गाडी घसरली, डावी बाजू आपटली, हेल्मेट नव्हतं, दोन-तीन मिनिटं बेशुद्ध, एक उलटी, ग्रामीण रुग्णालयात दाखवलं, सीटी नाही केला. बीपीची गोळी चालू. बीपी त्या दिवशी १५०/९६."

ही एवढी चिठ्ठी आधार कार्डाच्या झेरॉक्ससोबत प्लास्टिकच्या पन्नीत ठेवून द्या. कॅलेंडरवर त्या तारखेपासून चार महिन्यांच्या पुढं एक खूण करा. तोपर्यंत जरा डोळ्यात तेल घालून राहायचं.

बीपी, हेच खरं काम

लकवा टाळायला एकच गोष्ट करायची असेल तर ती बीपी आटोक्यात ठेवणं, माराच्या आधीही तेच होतं आणि नंतरही तेच आहे. मार लागल्यावर बरेच लोक पहिल्यांदा बीपी मोजतात आणि तिथं कळतं की तो किती वर्षांपासून वर आहे कोण जाणे. उपकेंद्रात, आता बोर्डावर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असतं तिथं, तीस वर्षांच्या वरच्या सगळ्यांचं बीपी-शुगर फुकट तपासतात. आशाताईला विचारा कोणत्या दिवशी मॅडम बसतात. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात.

मोजायची पण रीत आहे. सायकल मारत आला, खर्रा तोंडात, आणि लगेच पट्टा बांधला तर जे येतं ते काही खरं नाही. आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही वर करून पट्टा कातडीवर, बोलू नका. चहा, बिडी, खर्रा अर्धा तास आधी बंद. दोन वेळा मोजा मधात एक-दोन मिनिटं सोडून. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांतून एकदा, कॅलेंडरवरच लिहा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० च्या वर येत राहिलं तर डॉक्टरकडं जा. गोळी लागली तर ती "बरं वाटते" म्हणून सोडायची नाही, बरं गोळीनंच वाटतं आहे.

हाताची नाडी पण बघायला शिका, मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट. ठोके एका तालात पडायला पाहिजेत. कधी लवकर कधी थांबून असं काहीही वेडंवाकडं चालत असेल तर ईसीजी करून घ्या, हृदयाचा असा बिघडलेला ताल हे लकव्याचं मोठं कारण आहे आणि त्यावर औषध आहे.

खर्र्याचं काय सांगू. पन्नीत घोटलेला तो लाल-पांढरा गोळा तोंडात ठेवला की तंबाखूचं निकोटीन रक्तात जातं, नाडी वाढते, बीपी वर जातो, आणि आपल्याकडं तर हा दिवसभर तोंडात असतो. सुटत नसेल तर निदान हे चार महिने तरी सोडून बघा, बरेच जण असंच चार महिन्यांचं म्हणून सोडतात आणि मग राहूनच जातो. मीठ कमी, लोणचं-पापड कमी, रोज अर्धा तास चालणं, घोरणं खूप असेल तर डॉक्टरला सांगणं. ज्या घरात सिकलसेलचा (रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आजार) पेशंट आहे (वाहक नाही, आजार असलेला) त्या लेकराला तर लकव्याचा धोका मुळातच असतो, त्याला डोक्याला मार लागला की वाट न बघता दाखवा.

तरीही तो दिवस आलाच तर

तोंड वाकडं झालं, हसायला लावलं तर एक कोपरा खाली. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक आपोआप खाली येतो. बोलणं अडखळतं किंवा शब्दच भलते. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं झालं, अचानक तोल गेला. यातलं एकही अचानक झालं तर घड्याळ बघा आणि शेवटी किती वाजता ठीक होता ते लिहा, सकाळी उठल्यावर दिसलं तर रात्री किती वाजता ठीक झोपला ते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याच्या आधी सीटी काढून बघावं लागतं की गुठळी आहे की रक्तस्राव, कारण रक्तस्रावात ते इंजेक्शन दिलं तर माणूस जाईल. म्हणून तोंडात अ‍ॅस्पिरिन टाकू नका, पाणी-चहा पण नको, घशात अडकतं. एका कुशीवर झोपवा आणि निघा.

कुठं निघायचं हे त्या दिवशी ठरवायचं नसतं. आजच फोन करून विचारून ठेवा की आपल्यापासून जवळ चोवीस तास सीटी चालू असलेला दवाखाना कोणता. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, वर्ध्याकडं सेवाग्राम आणि सावंगी, नागपुरात मेडिकल आणि मेयो (ही दोन्ही सरकारी मेडिकल कॉलेजं), आणि एम्स. सीटी नसलेल्या दवाखान्यात आधी जाऊन मग रेफर होण्यात दोन तास जातात, १०८ वाल्यालाही सांगा लकव्याचा पेशंट आहे, सीटी असलेल्या ठिकाणीच न्या. लकव्याची जडीबुटी देणारं एखादं प्रसिद्ध गाव प्रत्येक तालुक्याच्या आसपास असतंच, लोक रात्रीतून गाडी करून जातात, श्रद्धेला मी काही म्हणत नाही, पण साडेचार तास आधी दवाखान्याचे.

तिथं गेल्यावर न विचारता सांगायचं: "अमुक तारखेला डोक्याला मार लागला होता", आणि चिठ्ठी दाखवायची. मागच्या तीन महिन्यांत डोक्याला जबर मार लागलेला असेल तर ते इंजेक्शन देत नाहीत, मेंदूत रक्तस्रावाची भीती असते, आणि मार हलका होता की जबर हे डॉक्टर तुमच्या चिठ्ठीवरून आणि जुन्या कागदांवरून ठरवतील. लपवून ठेवलं तर दोन्हीकडून वाईट. मोठ्या नसेतली गुठळी तारेनं ओढून काढायची सोय काही मोठ्या दवाखान्यांत असते आणि ती काही पेशंटना चोवीस तासांपर्यंत करता येते, म्हणून उशीर झाला तरी आता काय उपयोग म्हणून घरी ठेवू नका.

आणि हे सगळं दहा मिनिटांत आपोआप ठीक झालं तरी जायचंच. हात परत उचलला, बोलायला लागला, म्हणे काही नाही जी गॅस होता. ती लकव्याची आधीची खबर असते, पुढचे दोन-तीन दिवस सगळ्यात धोक्याचे.

पैशाचं थोडं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, यादीतल्या दवाखान्यात, राशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. रस्त्यावरच्या अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, सात दिवस, दीड लाखांपर्यंत, ठरलेल्या दवाखान्यांत, पोलिसांत अपघाताची नोंद करायची. पोलिसाच्या भीतीनं "घरीच पडला" असं लिहून देतात लोक, मग योजनेतही बसत नाही आणि डॉक्टरलाही चुकीची माहिती.

दुसरा मार

पहिला मार पूर्ण बरा व्हायच्या आधी दुसरा लागला तर तो जास्त महागात पडतो. गरगरणं थांबेपर्यंत गाडी चालवू नका, झाडावर, पत्र्यावर, विहिरीच्या काठावर जाऊ नका, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जाणं तर एरवीही बंद करा. पोळ्याला बैल धरायचा हट्ट यंदा भावाला करू द्या.

हेल्मेटनं डोक्याच्या दुखापती ६९ टक्के आणि मृत्यू ४२ टक्के कमी होतात असं जगभरचे अभ्यास एकत्र करून निघालेलं आहे. कायदा गाडी चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्याला दोघांनाही सांगतो, चार वर्षांच्या वरच्या लेकरालाही. आपल्याकडं हेल्मेट नागपूर-यवतमाळला जाताना घालतात आणि वावरात जाताना खुंटीला, रोही आणि रानडुक्कर मात्र वावराच्याच रस्त्यावर आडवे येतात, तेही संध्याकाळी अंधार पडता-पडता. घेताना आयएसआयचा शिक्का बघा, फुटपाथवरची दोनशे रुपयांची टोपी नको, हनुवटीखालचा पट्टा आवळून लावा की मधात दोन बोटंच जातील, आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतला थर्मोकोल दबलेला असतो, ते परत वापरायचं नाही, नवीन घ्यायचं.